जुन्या व्हिडिओ गेमचा बाजार : पुनर्विक्री, साठेबाजी आणि नकली माल



आजच्या पाठासाठी जरा वेगळा विषय घेतला आहे : जुने व्हिडिओ गेम, त्यांची खरेदी-विक्री आणि त्यात शिरलेला नकली माल. "शाळेत हे कशाला?" असा प्रश्न पडेल. पण मागणी-पुरवठा, ग्राहकाचे हक्क, ट्रेडमार्क आणि कॉपीराइट, शिवाय साधा प्रामाणिकपणा हे सगळं या एका उदाहरणातून शिकवता येतं. गेमचं नाव काढलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा कान टवकारतात, हा आणखी एक फायदा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सातवी ते दहावीतली मुलं आता मोबाइलवरून जुन्या वस्तू घेतात आणि विकतात. वाढदिवसाला आणि दिवाळीला मिळालेले पैसे साठवून कुणी गेम बॉय घेतं, कुणी पोकेमॉनची जुनी कॅसेट घेतं. "पुढं याची किंमत वाढणार आहे" असं एखाद्या व्हिडिओत ऐकलेलं असतं. ती वस्तू नकली निघाली तर मूल रडतं, चिडतं, आणि मग बऱ्याचदा म्हणतं, "जाऊ दे, मी पण दुसऱ्याला विकून टाकतो." हा पाठ मुख्यतः या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

पाठाची उद्दिष्टे

१. वस्तूची उपयुक्तता आणि वस्तूची किंमत यांतला फरक सांगता येणे.
२. पुनर्विक्री, साठेबाजी आणि नकली मालाची विक्री या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येणे.
३. जुनी वस्तू घेण्याआधी काय तपासावे, हे समजणे.
४. आपण फसलो तर पुढे काय करायचे, याचा विचार करणे.

१. एकच खेळ, दोन नावं

सुरुवात एका खऱ्या उदाहरणानं करू या.

१९८७ साली बांदाई या जपानी कंपनीनं अमेरिकेत निन्टेंडोच्या एनईएस या यंत्रासाठी 'स्टेडियम इव्हेंट्स' नावाचा गेम आणला. तो नुसती बटणं दाबून खेळायचा नव्हता. जमिनीवर एक चटई अंथरायची आणि तिच्यावर खरोखर पळायचं, उड्या मारायच्या. थोड्याच काळात निन्टेंडोनं त्या चटईचे हक्क स्वतःकडे घेतले. जुन्या नावाचा माल दुकानांतून काढून घेतला गेला आणि १९८८ मध्ये तोच खेळ 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' या नव्या नावानं बाजारात आला.

नव्या नावाच्या कॅसेट भरपूर खपल्या. जुन्या नावाच्या मात्र फारच थोड्या लोकांच्या घरी पोहोचल्या होत्या. आज नव्या नावाची कॅसेट अमेरिकेत किरकोळ पैशांत मिळते, आणि जुन्या नावाच्या अमेरिकी कॅसेटसाठी संग्राहक हजारो डॉलर मोजतात.

इथं थांबा आणि वर्गाला विचारा : खेळ तोच, पळायचं तेवढंच, मजाही तेवढीच. मग एवढे जास्तीचे पैसे कशाचे?

मुलं थोडा विचार करून बरोबर उत्तर देतात. पैसे नावाचे, म्हणजे त्या नावाचं लेबल आणि खोकं यांचे. आता दुसरा प्रश्न : लेबल कोण छापू शकतं? ज्याच्याकडे चांगला प्रिंटर आहे तो कुणीही! नकली मालाची वाट इथून सुरू होते. जिथं किंमत खेळाला नसून कागदाला असते, तिथं लबाडाला खेळ बनवावा लागत नाही, नुसता कागद बनवला की भागतं.

२. किंमत कशानं ठरते?

फळ्यावर चार शब्द लिहा : दुर्मिळता, अवस्था, खरेपणा, आठवण.

दुर्मिळता. १९९० साली निन्टेंडोनं अमेरिकेत शहरोशहरी फिरून एक मोठी स्पर्धा घेतली. त्या स्पर्धेची खास राखाडी कॅसेट अंतिम फेरीतल्या ९० जणांना दिली गेली, आणि मासिकातल्या एका सोडतीतून सोनेरी रंगाच्या २६ कॅसेट वाटल्या गेल्या. ही दुर्मिळता आपोआप झाली, कुणी ती नफ्यासाठी घडवली नव्हती. म्हणूनच या कॅसेटना मान आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही बाजारात फिरतात.

अवस्था. 'सुपर मारिओ ६४' हा १९९६ चा गेम. त्याच्या जवळजवळ १ कोटी १९ लाख प्रती विकल्या गेल्या, म्हणजे तो दुर्मिळ अजिबात नाही. पण जुलै २०२१ मध्ये त्याची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. त्या वेळच्या दरानं हे साधारण साडेअकरा कोटी रुपये होतात. पंचवीस वर्षं ते खोकं कुणी उघडलं नव्हतं, म्हणून ही किंमत आली. गेम बनवला मुलांनी फोडून खेळावा म्हणून, आणि जो कुणीच खेळला नाही त्याची किंमत सगळ्यात जास्त! मुलांना ही गंमत फार आवडते. त्यांना त्यावर बोलू द्या.

खरेपणा. १९८३ साली अटारी कंपनीनं न खपलेल्या गेम कॅसेट ट्रकनं नेऊन अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अलामोगोर्दो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. त्यांत 'ई.टी.' हा फसलेला गेमही होता. २०१४ मध्ये खोदकाम करून त्या वर काढल्या. मळलेल्या, चेपलेल्या, वास मारणाऱ्या! तरी गावच्या प्रशासनानं त्यांतल्या काही शे कॅसेट प्रमाणपत्रासह ऑनलाइन विकल्या आणि एक लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळवली. 'ई.टी.'ची स्वच्छ कॅसेट बाजारात सहज मिळते. मग कचऱ्यातलीच का घेतली? कारण ती कुठून आली हे सांगणारा विश्वासाचा कागद तिच्यासोबत होता. वस्तू कुणाकडून कुणाकडे आली, ही साखळी पक्की असली की वस्तूला वजन येतं.

आठवण. १९८५ ते २००० च्या काळात लहान असलेली माणसं आज कमावती आहेत. लहानपणी हट्ट करूनही जे मिळालं नव्हतं ते आता विकत घेता येतं. ही मागणी खरी आहे, तिला हसण्याचं कारण नाही. पण मागणी मनातून येते तेव्हा माणूस डोळे थोडे मिटून खरेदी करतो, हेही तितकंच खरं.

३. हॉलमार्क आणि 'गुण दिलेलं खोकं'

सीलबंद खोकं खरं आहे हे ठरवायचं कुणी? त्यासाठी अमेरिकेत गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतली वाटा गेम्स ही कंपनी २०१८ पासून हे काम करू लागली. ती खोक्याच्या अवस्थेला दहापैकी गुण देते, वरच्या प्लास्टिकच्या आवरणाला वेगळी श्रेणी देते आणि मग सगळं जाड पारदर्शक पेटीत बंद करून परत पाठवते.

पालकांना हे समजावताना सोन्याच्या हॉलमार्कची आठवण करून द्या. दोन्हीकडे तिसरा माणूस येऊन "हे खरं आहे" असं सांगतो. फरक मात्र मोठा आहे. सोनं किती शुद्ध आहे हे मोजता येतं आणि दुसऱ्या ठिकाणी नेलं तरी उत्तर तेच यायला हवं. खोक्याला ९.६ द्यायचे की ९.८, हे शेवटी एका माणसाचं मत आहे. आणि त्या ०.२ वर किमतीत प्रचंड फरक पडतो.

आता 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ च्या गेमच्या वेगवेगळ्या न उघडलेल्या प्रतींचे हे भाव फळ्यावर लिहा :

- फेब्रुवारी २०१९ : १,००,१५० डॉलर
- जुलै २०२० : १,१४,००० डॉलर
- एप्रिल २०२१ : ६,६०,००० डॉलर
- ऑगस्ट २०२१ : २० लाख डॉलर

अडीच वर्षांत वीसपट! खेळ तोच आहे. करोनाकाळात लोक घरी होते, जुन्या आठवणी निघत होत्या, काहींच्या हातात पैसाही होता. पण एवढंच कारण होतं का?

इथं मुलांना एक सवय लावायची आहे. कुठलाही भाव ऐकला की विचारायचं : हा भाव वाढल्यानं कुणाचा फायदा होतो? २०१९ च्या त्या पहिल्या मोठ्या खरेदीत तीन जण एकत्र आले होते आणि त्यांतला एक जण हेरिटेज या लिलाव कंपनीचा सहसंस्थापक होता. भाव चढला की लिलाव कंपनीचं कमिशन वाढतं, आणि आपलं खोकं गुण देणाऱ्या कंपनीकडे पाठवणाऱ्यांची रांगही वाढते. २०२२ मध्ये काही ग्राहकांनी कॅलिफोर्नियात वाटा कंपनीवर दावा लावला. बाजार कृत्रिमरीत्या फुगवला, असा त्यांचा आरोप होता. कंपनीनं आरोप नाकारले. वर्गात आपण निवाडा करायचा नाही. पण भाव सांगणारा, गुण देणारा आणि विकणारा यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले असतील तर आपण सावध राहायचं, एवढं नक्की शिकवायचं.

ऑगस्ट २०२१ ची २० लाख डॉलरची विक्रीही समजून घेण्यासारखी आहे. ती प्रत रॅली नावाच्या कंपनीकडे होती. तिनं ती २०२० मध्ये १,४०,००० डॉलरना घेऊन तिचे छोटे-छोटे हिस्से लोकांना विकले होते. म्हणजे गेमचा जणू शेअर झाला! ज्यांनी हिस्से घेतले त्यांनी ते खोकं कधी हातातही धरलं नसणार.

४. पुनर्विक्री म्हणजे गुन्हा का?

मुलं पटकन म्हणतात, "स्वस्तात घेऊन महाग विकणारे सगळे चोर." असं नाही. हे शांतपणे समजावून सांगावं लागतं.

आपण विकत घेतलेली वस्तू आपली असते. ती वापरा, ठेवा, द्या किंवा विका. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका पुस्तकाचा खटला गाजला. प्रकाशकानं पुस्तकावर छापलं होतं की हे एका डॉलरपेक्षा कमी किमतीला विकायचं नाही. एका मोठ्या दुकानानं ते ८९ सेंटला विकलं. न्यायालयानं सांगितलं की पहिल्या विक्रीनंतर त्या प्रतीच्या पुढच्या किमतीवर प्रकाशकाचा हक्क उरत नाही. जपानमध्ये गेम कंपन्यांनी जुने गेम विकणाऱ्या दुकानांविरुद्ध लढा दिला. २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दुकानांच्या बाजूनं निकाल दिला आणि जुन्या गेमची विक्री कायदेशीर ठरली.

जुना माल शोधणारा विक्रेता एक कामही करत असतो. रद्दीत जाणारी वस्तू तो वाचवतो, पुसतो, दुरुस्त करतो आणि जिला हवी तिच्यापर्यंत पोहोचवतो. आपल्याकडे जुनी पुस्तकं विकणारे हेच करतात. त्याचा नफा त्याच्या पारखीचा आणि कष्टाचा असतो.

हा नियम हातात धरता येणाऱ्या प्रतीला लागू आहे, हेही सांगा. नुसता डाउनलोड केलेला गेम सहसा पुढे विकता येत नाही, कारण तिथं वस्तू मिळत नाही, वापराची परवानगी मिळते. जुन्या कॅसेटला भाव येण्याचं हे आणखी एक कारण.

साठेबाजी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेंडोनं जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती साधारण ६० डॉलरना बाजारात आणली. माल कमी, मागणी प्रचंड. काही लोकांनी मिळतील तेवढी यंत्रं उचलली आणि दुप्पट-तिप्पट भावानं, कधी त्याहूनही जास्त दरानं विकली. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीनं उत्पादन थांबवलं, तेव्हा "आता हे कधीच मिळणार नाही" म्हणून भाव टिकून राहिला. आणि जून २०१८ मध्ये कंपनीनं तेच यंत्र पुन्हा मूळ किमतीला दुकानात आणलं! ज्यांनी घाबरून जास्त पैसे मोजले त्यांचे ते पैसे गेले.

यातून मुलांना काय सांगायचं? नव्या वस्तूची टंचाई ही ज्याच्या हातात कारखाना आहे त्याच्या मर्जीवर असते. "लवकर घ्या, संपत आलंय" हे वाक्य ऐकलं की आधी दोन दिवस थांबायचं.

५. नकली माल

इथं आपल्या लहानपणाची एक गोष्ट येते. १९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी आले ते आठवतात? पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९९९९ इन १' असा आकडा, आणि आत मोजकेच गेम पुन्हापुन्हा. कॉन्ट्रा आणि मारिओ आपण तिथंच खेळलो. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची! त्यांतली बहुतेक यंत्रं आणि कॅसेट निन्टेंडोच्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. १९८३ च्या त्या जपानी यंत्रात परक्या कॅसेट अडवणारी चिप नव्हती. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या यंत्रात ती बसवली गेली. साहजिकच नकला झाल्या त्या जपानी यंत्राच्या.

त्या कॅसेट घेताना आपली फसवणूक झाली असं कुणाला वाटलं नाही, कारण आपण फक्त खेळ विकत घेत होतो. गेम बनवणाऱ्याचा हक्क मात्र तेव्हाही बुडत होता. आजच्या संग्राहक बाजारातली नकल दोघांना बुडवते : गेम बनवणाऱ्याला, आणि 'खरी' म्हणून पैसे मोजणाऱ्यालाही. हा फरक फळ्यावर नक्की लिहा. आणि हो, माळ्यावर तशी पिवळी कॅसेट सापडली तर "दुर्मिळ ओरिजिनल" म्हणून ऑनलाइन टाकू नका. आहे ते सांगून टाकली तर गोष्ट वेगळी.

आजची नकल बनते कशी? गेमचा मजकूर इंटरनेटवरून उचलायचा, स्वस्त चिपमध्ये भरायचा, नवं प्लास्टिकचं कवच चढवायचं आणि लेबल छापून चिकटवायचं. कधी कधी एखाद्या स्वस्त खऱ्या गेमचं कवच वापरतात, म्हणजे बाहेरून हात लावला तर खरंच वाटतं. सीलबंद मालाच्या बाबतीत जुन्या खोक्यावर नवं प्लास्टिक चढवून ते कारखान्यातलं असल्याचं भासवतात.

२०२२ मध्ये जुन्या संगणक-गेमच्या संग्राहकांमध्ये एक प्रकरण बाहेर आलं. १९८० च्या आसपासचे गेम साध्या झिप-पिशवीत, एक छापील कागद आणि एक फ्लॉपी अशा रूपात विकले जायचे. अशा गेमच्या नकला गटातल्याच एका जुन्या, विश्वासातल्या सदस्यानं विकल्या, असा आरोप झाला. रक्कम एक लाख युरोहून जास्त होती. सदस्यांनी आपापल्या प्रती, कागद, लेबलं एकमेकांशी ताडून पाहिली तेव्हा शंका पक्की होत गेली. हे वर्षानुवर्षं लक्षात का आलं नाही? एक तर विकणारा ओळखीचा. दुसरं, एवढी महाग वस्तू कुणी उघडून, चालवून बघत नाही. जी वस्तू उघडायचीच नाही तिच्यात लबाडी लपवणं सोपं असतं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!

६. घेण्याआधी काय बघायचं?

पोकेमॉनच्या गेम बॉय आणि गेम बॉय अॅडव्हान्सच्या कॅसेट मुलांमध्ये सगळ्यात जास्त फिरतात, म्हणून त्याच घेऊ.

भाव. आधी बाजारभाव काढा. विक्रेत्यानं *मागितलेला* भाव बघू नका, वस्तू प्रत्यक्ष *विकली गेली* तो भाव बघा. भावाच्या पाव किमतीत "एकदम ओरिजिनल" मिळत असेल तर शंका घ्या.

फोटो. विक्रेत्याकडून कॅसेटच्या पुढचा, मागचा आणि खालच्या पितळी पट्ट्यांचा फोटो मागा. सोबत चिठ्ठीवर आजची तारीख लिहून ठेवायला सांगा. खरा विक्रेता चिडत नाही.

लेबल. अक्षरं कोरीव दिसतात की पसरट? रंग उडालेला की भडक? खऱ्या कॅसेटच्या लेबलवर बहुतेक वेळा एक छोटा आकडा दाबून उमटवलेला असतो, तो तिरक्या उजेडात दिसतो.

स्क्रू. गेम बॉयच्या खऱ्या कॅसेटला खास आकाराचा स्क्रू असतो, अॅडव्हान्सच्या कॅसेटला तीन पाकळ्यांचा. साधा अधिक-चिन्हाचा स्क्रू दिसला तर एक तर कुणी उघडली आहे किंवा माल नकली आहे.

आतली पट्टी. अॅडव्हान्सच्या कॅसेटमध्ये खालून पाहिलं तर पट्ट्यांच्या वर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसतं. तिथं काहीच नसेल किंवा स्पेलिंग चुकलं असेल तर घेऊ नका.

सेव्ह. ही खूण मुलांना समजावून सांगा, कारण इथं गोंधळ होतो. 'पोकेमॉन एमराल्ड'च्या खऱ्या कॅसेटमध्ये बॅटरी असते ती गेममधल्या घड्याळासाठी. ती संपली तर सुरुवातीला तसा संदेश येतो, पण गेम चालतो आणि सेव्हही होतो. बऱ्याच नकलांमध्ये सेव्हच बॅटरीवर असतं, त्यामुळे काही महिन्यांनी सगळी मेहनत गायब. उलट 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या आधीच्या गेममध्ये खऱ्या कॅसेटचं सेव्हसुद्धा बॅटरीवरच असतं. तिथं सेव्ह गेलं म्हणजे बॅटरी म्हातारी झाली असेल, माल नकली असेलच असं नाही.

एका खुणेवरून निकाल द्यायचा नाही. नकल करणारेही शिकत असतात. तीन-चार खुणा जुळल्या की मगच विश्वास ठेवायचा, आणि एखादी खरी असल्याची खात्री असलेली कॅसेट शेजारी ठेवून ताडून बघायचं.

७. फसलो तर काय करायचं?

पालकांनी आधी रागावू नये. मूल घाबरलं तर पुढच्या वेळी सांगणारच नाही.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट, संभाषण, पैसे दिल्याचा पुरावा आणि पाकीट उघडतानाचा व्हिडिओ असेल तर तो, हे सगळं एकत्र ठेवा. आधी विक्रेत्याला आणि ज्या संकेतस्थळावरून घेतलं त्यांना लेखी कळवा. व्यावसायिक विक्रेत्याबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ऑनलाइन खरेदीलाही लागू आहे.

मोठ्या मुलांना कायद्याची बाजूही सांगा. ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे खोटं चिन्ह लावणं आणि तसा माल विकणं या दोन्हींसाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. म्हणजे नकल बनवली नाही, फक्त जाणूनबुजून विकली, तरी सुटका नाही.

८. वर्गात घेण्यासाठी उपक्रम

भिंगाचा तास. बिस्किटांच्या किंवा औषधांच्या खोक्यांचे चार तुकडे घ्या. त्यांतल्या दोनांची रंगीत झेरॉक्स काढा. सगळे मिसळून गटांना भिंग द्या. अक्षरांच्या कडा आणि रंगांचे ठिपके बघून मूळ कोणतं, नकल कोणती हे ओळखायचं. प्रत्येक गटानं "हे नकली आहे" एवढंच न सांगता कारण लिहायचं.

पेन्सिलींचा बाजार. वर्गात दहा पेन्सिली विकायला ठेवा, खोट्या नोटांनी. एका मुलाला आधीच सांगून सगळ्या घ्यायला लावा. तो भाव वाढवेल, मुलं कुरकुरतील, काही जण घेतीलही. मग कपाटातून नवा डबा काढून मूळ किमतीला विका. त्यानंतर निन्टेंडोच्या छोट्या यंत्राची गोष्ट सांगा. समजावण्याची फार गरज पडत नाही.

नाट्यछटा. समीरनं साठवलेल्या पैशांतून गेम घेतला, नकली निघाला. विक्रेता फोन उचलत नाही. शेजारच्या वर्गातली मुलगी तोच गेम शोधते आहे. तिला ओळखू येणार नाही. समीर, त्याचा मित्र, ती मुलगी आणि समीरची आई अशा भूमिका द्या. शेवट आधी ठरवू नका.

चर्चेचे प्रश्न

१. रद्दीवाल्याकडून दहा रुपयांना घेतलेला गेम हजाराला विकला. यात काही गैर आहे का? रद्दीवाल्याला त्याची किंमत माहीत नव्हती, यानं उत्तर बदलतं का?
२. "ही नकल आहे" असं स्पष्ट सांगून विकलं तर कुणाची फसवणूक होते आणि कुणाची होत नाही?
३. कुणीच न खेळलेला गेम सगळ्यात महाग का असावा?
४. भाव सांगणारा आणि विकणारा एकच असेल तर आपण काय काय विचारावं?

समारोप

नाट्यछटेत मुलं बहुतेक वेळा आधी समीरची बाजू घेतात. "त्याचे पैसे गेलेत, तो काय करणार?" मग वर्गाला फाटक्या नोटेची गोष्ट विचारा. फाटकी नोट हातात आली की आपण काय करतो? गर्दीत, अंधारात, घाईत असलेल्या दुकानदाराला ती हळूच देतो आणि घरी येऊन सांगतो, "खपवली एकदाची!" घरात सगळे हसतात. मुलं हे बघत असतात.

नकली कॅसेटही अशीच हातोहात फिरते. बनवणारा एक असतो, पण पुढे सरकवणारे अनेक असतात आणि त्यांतला प्रत्येक जण आधी स्वतः फसलेला असतो. नुकसान कुठेतरी कुणीतरी सोसावंच लागतं. जो ते सोसतो आणि कॅसेटवर ठळक अक्षरांत 'नकली' लिहून ती कपाटात ठेवतो, त्याच्यापाशी ही साखळी तुटते. आठशे रुपये गेले म्हणून हळहळणाऱ्या बारा वर्षांच्या मुलासाठी हे सोपं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवायला घरात आणि वर्गात कुणीतरी असेल तर मात्र जमतं. शक्य असेल तर पालकांनी त्यातला थोडा भार उचलावा आणि का उचलला तेही सांगावं.

हा पाठ आपापल्या वर्गात घेऊन बघा. भिंगाच्या तासाला एक तासिका आणि नाट्यछटा व चर्चेला दुसरी, एवढा वेळ पुरतो. नाट्यछटेत मुलांनी समीरचा शेवट कसा केला ते आम्हाला नक्की कळवा.